शोधण्याची मजुरी

दसरा उलटला की दौंड आणि शिरूर तालुक्यांतल्या गॅरेजांमध्ये गर्दी वाढते. साखर कारखान्यांच्या गाळपाची तारीख जवळ आलेली असते आणि पावसाळाभर घराशेजारी उभे असलेले पंधरा-वीस वर्षांचे ट्रक ऊस वाहतुकीसाठी तयार करायचे असतात. “मिस्त्री, मागनं आवाज येतोय,” एवढं सांगून मालक निघून जातो. मिस्त्री प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस बदलतो. आवाज राहिला तर सेंटर बेअरिंग बदलतो. तरीही राहिला तर डिफरन्शियलचं हाउसिंग खोलून क्राऊन-पिनियनची नवी जोडी मागवली जाते. हजारो रुपये जातात. आवाज कधी जातो, कधी जात नाही, आणि गेला तरी तो नेमका कशाने येत होता हे मालकाला, ड्रायव्हरला आणि पुष्कळदा मिस्त्रीलाही कळलेलं नसतं.

ही पद्धत बदलायला हवी. आधी दोष शोधायचा आणि मग पार्ट बदलायचा, हा क्रम मिस्त्री विसरलेले नाहीत. मालकांनी तो त्यांना परवडेनासा केला आहे. आपल्याकडे मजुरी मिळते ती पार्ट बसवण्याची. ड्रायव्हरशेजारी बसून गाडी फिरवून आणण्याचे, कान देऊन ऐकण्याचे, गाडीखाली झोपून दोष नक्की करण्याचे पैसे कुणी देत नाही. मग मिस्त्रीने त्यात अर्धा दिवस का घालवावा?

ट्रकच्या मागच्या भागावर केवढा ताण येतो, ते आकड्यांतून चांगलं कळतं. जुन्या टाटा ट्रकमध्ये क्राऊनला 41 आणि पिनियनला 6 दात असलेली जोडी नेहमी सापडते. पिनियनचे 6.83 फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो आणि त्याच प्रमाणात पीळ वाढतो. उदाहरणापुरतं धरलं की इंजिन 400 न्यूटन-मीटर पीळ देतंय आणि पहिला गिअर तो सातपट करतोय, तर डिफरन्शियलमधून बाहेर पडताना तो 19,000 न्यूटन-मीटरच्या घरात जातो. तो निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा तो दोन इंचांच्या आसपास जाडी असलेल्या दोन ॲक्सल रॉडनी.

हाच 6.83 चा आकडा दोष शोधायलाही उपयोगी पडतो. माणूस चालतो त्या वेगाने गाडी सोडावी आणि ठोके मोजावेत. चाकाच्या एका फेऱ्यात एकच ठोका पडत असेल तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या भागात आहे: हब, ब्रेक ड्रम किंवा क्राऊनचा एखादा तुटलेला दात. एका फेऱ्यात सहा-सात ठोके पडत असतील तर पिनियन किंवा प्रॉपेलर शाफ्टकडे वळावं. या तपासणीला एक रुपयाचंही हत्यार लागत नाही. लागतो तो मोकळा रस्ता, चालता माणूस आणि थोडी सवड.

पुढची तपासणी वेगातली. ॲक्सिलेटर दाबल्यावर मागून घोंगावल्यासारखा आवाज येतो आणि पाय काढताच थांबतो, तेव्हा क्राऊन-पिनियनच्या दातांची ओढीची बाजू झिजलेली असण्याची किंवा दोघांची बसवणूक बिघडलेली असण्याची शक्यता मोठी. उलट, पाय काढल्यावरच आवाज येत असेल तर पिनियनच्या बेअरिंगांची ढिलाई आधी बघावी. पाय ठेवा किंवा काढा, आवाज तोच आणि वेगाबरोबर वाढणारा, असं असेल तर संशय बेअरिंगांवर जातो. सरळ रस्त्यावर गाडी गप्प असते आणि वळणावरच कुरकुरते, तेव्हा डिफरन्शियलमधली छोटी चाकं, त्यांची पिन आणि वॉशर तपासायला हवेत, कारण दोन्ही चाकांचा वेग वेगळा झाला तरच ती काम करतात. गाडी उचलताना आणि गिअर बदलताना एकदाच ‘ठक्’ वाजतं, त्याला कारणं अनेक: क्रॉसची ढिलाई, शाफ्टच्या सरकत्या जोडाची झीज, ॲक्सलच्या फ्लँजचे सैल नट, आणि ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं ते पाट्यांचे यू-बोल्ट. यू-बोल्ट सैल असले तर गाडी उचलताना अख्खं हाउसिंग जागेवर पीळ खातं. त्या ट्रकला नवा क्रॉस घातला तर पैसा वाया गेलाच, वर पुढचं नुकसानही ठरलेलं.

हे सगळं ज्याला रोज ऐकू येतं तो ड्रायव्हर मात्र गॅरेजमधल्या चर्चेत नसतोच. आवाज कधी सुरू झाला, भरल्या गाडीत की रिकाम्या, कोणत्या गिअरला, वळणावर की सरळ, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. गाडी दुरुस्तीला टाकताना मालकाने ड्रायव्हरलाच पाठवावं आणि मिस्त्रीने पाना उचलण्याआधी त्याला हे चार प्रश्न विचारावेत. निम्मं निदान तिथेच होतं.

प्रॉपेलर शाफ्टची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण सगळ्यात जास्त पार्ट इथेच विनाकारण बदलले जातात. क्रॉसचा जोड ही जुनी कल्पना. मोटारीसाठी ती बंदिस्त आणि वंगण टिकेल अशी बनवण्याचं श्रेय अमेरिकेतल्या क्लॅरेन्स स्पायसर यांना जातं. 1903 साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं आणि त्यांचं नाव आजही क्रॉसच्या डब्यांवर दिसतं. या जोडाचा एक स्वभाव आहे. शाफ्ट तिरका असेल तर पुढचा भाग एकसारख्या वेगाने फिरत असतानाही मागचा भाग एका फेऱ्यात दोनदा किंचित पुढे धावतो आणि दोनदा मागे पडतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा चढउतार पुसून काढतो, पण दोन अटींवर: दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत आणि पाइपाच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत. म्हणून शाफ्टच्या सरकत्या जोडावर बाणाच्या खुणा असतात. क्रॉस बदलताना शाफ्ट सुटा केला आणि घाईत एक दात पुढे-मागे बसवला की नव्या क्रॉससकट गाडी थरथरायला लागते. मग सेंटर बेअरिंगवर आळ येतो. खूण पुसली गेली असेल तर खोलण्याआधी छिन्नीने नवी खूण करावी, हा साधा नियम पाळला तरी पुष्कळ खर्च वाचेल.

कोनांची अट मोडते ती पाट्यांमुळे. ऊस किंवा वाळू जास्त भरता यावी म्हणून मागच्या कमानीत जादा पाटे टाकण्याची पद्धत या पट्ट्यात सर्रास आहे. गाडी मागून उचलली जाते, शाफ्टचा कोन बदलतो आणि रिकामी गाडी एका ठरावीक वेगाला हादरू लागते. भरली की हादरा कमी होतो, म्हणून मालक निर्धास्त राहतो. खरं तर क्रॉसच्या सुया दर रिकाम्या फेरीत खड्डे पाडत असतात. पाटे वाढवले तर शाफ्टचे कोन मोजून बघितलेच पाहिजेत आणि गरज असेल तिथे ॲक्सल आणि पाट्यांमध्ये पाचर घालून कोन सुधारला पाहिजे. कोन मोजणारं साधन आता मोबाइलमध्येही असतं.

क्रॉस खरोखर गेला आहे का, हे बघणं सोपं आहे. चाकांना मागून-पुढून दगड लावावेत, गाडी न्यूट्रल करावी, पाइप दोन्ही हातांनी धरून पिळावा आणि वर-खाली हलवावा. कपाभोवती लाल गंजाची भुकटी दिसली तर ग्रीस कधीच संपलेलं आहे. हळू चालीत चिकचिक आवाज येत असेल तर तेच कारण. सेंटर बेअरिंगचं रबर फाटलेलं असेल तर गाडी भरून उचलताना खालून धडधड जाणवते. पाइपाला पोचा आलाय का, त्यावर जोडलेली वजनाची पट्टी जागेवर आहे का, चिखलाचा गोळा वाळून बसलाय का, हे धुऊन बघावं. हे दुर्लक्षाने सोडून देण्यासारखं नाही. पुढचा क्रॉस चालत्या गाडीत तुटला तर पाइप रस्त्यावर आपटतो, ब्रेकचे पाइप तोडतो आणि पाटस किंवा यवतजवळच्या महामार्गावर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव घेऊ शकतो. शाफ्टखाली लोखंडी कडं असतं ते यासाठीच. अनेक जुन्या ट्रकांतून ते गायब आहे.

दौंडचं आणखी एक खास दुखणं म्हणजे पाणी. भीमेच्या आणि घोड नदीच्या पात्रात वाळूसाठी उतरलेले ट्रक किती आणि कुणाचे, हा महसूल आणि पोलिस खात्याचा विषय; इथे त्याचा यांत्रिक परिणाम बघू. तासभर चालून आलेल्या गाडीचं हाउसिंग गरम असतं. ते पात्रातल्या गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. पुढच्या वेळी ड्रेन प्लग उघडला तर दुधाळ, चहासारखं तेल बाहेर येतं. अशा तेलाला दातांमधला दाब पेलवत नाही आणि बेअरिंगवर गंजाचे ठिपके उमटतात. तेल बदलणं हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे, पण तो त्याच आठवड्यात करायला हवा. तेलही ईपी 90 किंवा कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच हवं, कारण क्राऊन-पिनियनचे हायपॉइड दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासतातही. त्यांना जीएल-5 दर्जाचं तेल लागतं. इंजिनमधून काढलेलं काळं तेल मागे ओतण्याची काटकसर एका हंगामात क्राऊन खाते.

ब्रीदर ही हाउसिंगवरची अंगठ्याएवढी वस्तू. ती चिखलाने बुजली की आत दाब साठतो आणि तेल सीलमधून बाहेर पडतं. तेल ब्रेकच्या लायनरवर जातं, ब्रेक एका बाजूला ओढू लागतो. मग सील बदललं जातं. महिनाभराने पुन्हा गळतं, पुन्हा सील. तीन वेळा सील बदललेल्या गाडीचा ब्रीदर कुणी तारेने साफ केलेला नसतो. दोष शोधणं आणि पार्ट बदलणं यांतला फरक याहून स्पष्ट दिसणार नाही.

ड्रेन प्लगला लोहचुंबक असतं. त्यावर करडं मऊ पीठ चिकटलेलं असेल तर ती नेहमीची झीज. चिमटीत धरता येतील असे तुकडे किंवा चकाकणारे पापुद्रे दिसले तर गाडी तिथेच थांबवावी.

ॲक्सल रॉड तुटण्याची जागा बहुतेक वेळा ठरलेली असते: उसाचा फड. राहू बेटापासून मांडवगण फराट्यापर्यंतची नदीकाठची काळी जमीन पाणी धरून ठेवते. ऊसतोड मजुरांनी मोळ्या रचून गाडी शिगोशीग भरलेली, एक मागचं चाक रुतलेलं. डिफरन्शियलचा गुण असा की तो दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतो. रुतलेलं चाक कमी पिळातच सुटं फिरतं, त्यामुळे घट्ट जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच तोकडा पीळ मिळतो. ड्रायव्हर रेस वाढवतो. रुतलेलं चाक जोरात फिरतं, आतली छोटी चाकं वंगणाविना गरम होतात. तेवढ्यात कुणीतरी चाकाखाली पाचट किंवा दगड टाकतो, चाकाला एकदम पकड मिळते आणि फिरत्या चाकाचा सगळा वेग रॉडवर झटक्याने येतो. कधी रॉड तिथेच तुटतो. जास्त वेळा त्याला केसासारखी चीर पडते आणि तो महिन्याभराने, डांबरी रस्त्यावर, काहीच कारण नसताना तुटल्यासारखा वाटतो.

तुटलेल्या रॉडचा काप नीट बघितला की हा इतिहास वाचता येतो. एका झटक्यात तुटलेला काप सगळीकडे सारखा खडबडीत, ताजा दिसतो. चीर वाढत जाऊन तुटलेल्या कापावर एका कडेपासून पसरत गेलेल्या गुळगुळीत, वक्र रेषा दिसतात आणि शेवटचा तुकडाच तेवढा खडबडीत असतो. दुसऱ्या प्रकारात पलीकडच्या रॉडनेही तेच झटके खाल्लेले असतात. म्हणून तोही काढून, धुऊन, चिरेसाठी तपासायला हवा. मोठ्या ट्रकांमध्ये वजन हबच्या बेअरिंगांवर असतं, त्यामुळे गाडी न उचलताही रॉड बाहेर काढता येतो. काम अवघड नाही. आत राहिलेला तुकडा मात्र शोधून काढलाच पाहिजे, नाही तर तो क्राऊनमध्ये जातो.

रॉड तुटल्याची खूण सोपी: गिअर पडतो, प्रॉपेलर शाफ्ट फिरतो, गाडी जागची हलत नाही. सपाटीवर ही अडचण असते, दिवे घाटात ते संकट असतं, कारण रॉड तुटला की इंजिनाचा रोधही संपतो. जुन्या डॉज-फार्गो ट्रकांसारखा हँडब्रेक गिअरबॉक्समागे शाफ्टवर असेल तर तोही निकामी होतो. चाकाखाली दगड लावल्याशिवाय अशा गाडीच्या आसपास कुणी थांबू नये. जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोडी लावल्याशिवाय शिरू नये, हे वेगळं सांगावं लागतं याचं दुःख आहे. माणसं अजून त्याच पद्धतीने मरतात.

आता वजनाचं. वाळू ब्रासवर मोजतात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर. पात्रातून काढलेली ओली वाळू घनमीटरला दोन टनांच्या जवळपास भरते, म्हणजे ब्रासला सव्वापाच ते साडेपाच टन. दोन ॲक्सलच्या ट्रकचं भरलेलं वजन पूर्वी 16.2 टनांपर्यंत मान्य होतं. 2018 मध्ये केंद्राने ते 18.5 टन केलं. चार टायरांच्या मागच्या ॲक्सलची मर्यादा 10.2 वरून 11.5 टनांवर गेली. रिकामा ट्रक सहा-साडेसहा टनांचा. त्यात तीन ब्रास ओली वाळू भरली की एकूण वजन 22 टनांच्या घरात आणि एकट्या मागच्या ॲक्सलवर पंधरा टनांच्या आसपास. रोलर बेअरिंगचं आयुष्य वजन वाढेल तसं साध्या प्रमाणात घटत नाही, घातांकाने घटतं: वजन सव्वापट झालं की आयुष्य निम्मं, दीडपट झालं की जवळपास चौथाई. ज्या ट्रकचा ॲक्सल 10.2 टनांसाठी घडवला, त्याच्यावर पंधरा टन घातल्यावर हबची बेअरिंगं दर हंगामात जातात. तेव्हा मालक ‘माल डुप्लिकेट होता’ म्हणून दुकानदाराशी भांडतो. कधी असतोही. पण वजनकाट्याची पावती त्या भांडणात कुणी दाखवत नाही. 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने जादा भारासाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड ठेवला आहे. ॲक्सलचा दंड त्याहून नियमितपणे वसूल होतो.

सरकारी फिटनेस तपासणीवर इथे फार विसंबता येत नाही. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी प्रमाणपत्र घ्यावं लागतं. 1 एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या अवजड गाड्यांसाठी त्याचं शुल्क साडेबारा हजारांवर नेलं गेलं. ब्रेक, दिवे, धूर, स्टेअरिंग बघितलं जातं आणि ते बघायलाच हवं. हाउसिंगमधलं तेल काय रंगाचं आहे, हे मात्र कुणी प्लग उघडून बघत नाही.

दौंडला तर तपासणीची परंपरा शिकवायला बाहेरून कुणी यायला नको. मुंबई-चेन्नई मार्गावरचं हे जंक्शन, मनमाडला आणि बारामतीला फाटे फुटणारं. गावातल्या किती तरी घरांत रेल्वेची नोकरी होती किंवा आहे. रेल्वेत गाडी स्थानकात शिरताना कर्मचारी चाकांचा आवाज ऐकतात, ॲक्सल बॉक्सचं तापमान बघतात. ‘हॉट ॲक्सल’ सापडला की तो डबा गाडीतून काढला जातो. तिथे बिघाड शोधणं हे स्वतंत्र काम आहे, त्याला वेगळा पगार आहे. ट्रकच्या हबवर हात ठेवून डावं-उजवं तापमान ताडून बघायला ड्रायव्हरला चहाच्या थांब्याएवढाही वेळ लागत नाही. दुरून तापमान मोजणारं छोटं यंत्र कोविडनंतर गल्लोगल्ली मिळतं.

याच जिल्ह्यात पिंपरीला ट्रक बनतात, मुंढव्याला भारत फोर्जमध्ये ट्रकांचे भाग घडवले जातात, एआरएआय 1966 पासून आणि भोसरीची सीआयआरटी 1967 पासून वाहनांची तपासणी आणि प्रशिक्षण करतात. दौंडहून ही सगळी ठिकाणं दोन-अडीच तासांच्या अंतरावर. तरी इथल्या गॅरेजमधल्या पोराला क्राऊनच्या दातांना रंग लावून खूण कशी वाचायची, बॅकलॅश डायल गेजने कसा मोजायचा, क्राऊन आणि पिनियन जुळवलेल्या जोडीनेच का बदलायचे, हे उस्तादाने सांगितलं तरच कळतं. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तिथल्या निदेशकांनी आणि गावातल्या जुन्या मिस्त्र्यांनी मिळून हंगामाआधी आठवडाभराचा वर्ग घेतला तर मुलांना खरे ट्रक मिळतील आणि मिस्त्र्यांना डायल गेज.

मालकांनी करायची गोष्ट त्याहून साधी. गॅरेजच्या बिलात ‘तपासणी’ अशी वेगळी ओळ असावी आणि तिचे पैसे, पार्ट बदलला नाही तरी, द्यावेत. ज्या मिस्त्रीने “मालक, याला काही टाकायचं नाही, ब्रीदर साफ केलाय आणि यू-बोल्ट आवळलेत” असं सांगितलं, त्याने मालकाचा क्राऊन वाचवलेला असतो. आज अशा मिस्त्रीला चहावर वाटेला लावलं जातं आणि जुनी जोडी काढून नवी बसवणाऱ्याला हजारांत मजुरी मिळते. पुढच्या पिढीचा हुशार पोरगा यातून काय शिकेल, ते उघड आहे.

आणि कारखान्यांनी. भीमा-पाटस कारखाना मध्यंतरी काही हंगाम बंद होता, घोडगंगाचं गाळपही थांबलं. तेव्हा इथला ऊस लांबच्या कारखान्यांकडे गेला आणि जुन्या ट्रकांचे किलोमीटर वाढले. दर हंगामात परिवहन खातं आणि कारखाने मिळून ऊस वाहनांना रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात. ती चांगलीच आहे. त्याच दिवशी, त्याच आवारात, दोन जाणकार मिस्त्री मजुरी देऊन बसवावेत: क्रॉस पिळून बघायचा, शाफ्टखालचं कडं आहे का बघायचं, यू-बोल्ट आणि फ्लँजचे नट आवळायचे, ब्रीदर साफ करायचा, हाउसिंगचा वरचा प्लग उघडून बोट घालून तेल बघायचं. एका गाडीला वीस मिनिटं. वाहतुकीचे करार आणि उचल कारखाने गाळपाच्या कितीतरी आधी देतात. त्या करारातच ही तपासणी घालावी आणि तिचा खर्च वाहतूकदाराच्या बिलातून न कापता कारखान्याने उचलावा.